नऊ सॅक्सोफोन आणि जिन्यातली भिंत

नाही, तुम्हीच सांगा, कशाला काही सुमार असतो की नाही? चप्पल घेताना माणूस चार जोड पायात घालून बघतो, पाचवा घेऊन मोकळा होतो… आणि इथे नऊ! नऊ टेनर सॅक्सोफोन, एकामागून एक, प्रत्येकावर त्याच चार ओळी, तेच रडकं गाणं, आणि मी? मी भिंतीकडे तोंड करून उभी!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल बाईला वेड लागलं. आमचे हे सॅक्सोफोन वाजवतात. बावीस वर्षं एका बँडमध्ये वाजवला. वाद्य बँडचं, दम ह्यांचा. आठ महिन्यांपूर्वी मालकाने बँड मोडला, सगळी वाद्यं गाडीत घालून घेऊन गेला आणि हे बसले घरी. बसले म्हणजे कसे? छत्री उभी धरायची आणि तिच्या दांड्यावर बोटं नाचवायची! मी विचारायची, "अहो, काय चाललंय?" तर म्हणायचे, "वाजवतोय." छत्री! आता छत्रीतून मला काय ऐकू येणार, कप्पाळ?

अशात ते पत्र आलं. मोठ्या वाद्यवृंदात एक जागा रिकामी. एकच! सोमवारी परीक्षा, आणि वाद्य स्वतःचं हवं, तेही वरच्या दर्जाचं, शिकाऊ पोरांचं चालायचं नाही. ह्यांचं वय एक्कावन्न. ही जागा गेली तर दुसरी कुणी ह्यांच्यासाठी राखून ठेवली आहे का? नाही ना? मग मी गप्प बसले. म्हणजे, माझ्या मानाने गप्प.

शनिवारी माझी सुट्टी. सहा दिवस लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभी असते हो मी, संध्याकाळी पायांचे नुसते खांब झालेले असतात. म्हटलं, आज पाय वर करून पडायचं. तर हे सकाळीच, "अगं, चल ना दुकानात. वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज नीट कळत नाही. तो पुढे जातो. समोर कुणीतरी लागतं." म्हटलं, "मी चौथी शिकलेली बाई, मला काय कळतंय त्यातलं?" तर म्हणतात कसे, "म्हणूनच चल! फक्त पाठ फिरवून उभी राहा. वाद्य बघितलं की डोळे कानात लुडबुड करतात." तुम्हाला सांगते, शाळेत बाईंना उलट उत्तर दिलं म्हणून अशीच उभी राहिले होते. तेव्हा निदान मी काहीतरी केलं तरी होतं!

दुकानातला विक्रेता… काय सांगू, केसांना तेल नाही पण बोलण्याला भरपूर. "या मॅडम, या सर, आमच्याकडे खास खोली आहे, आवाज अगदी शुद्ध ऐकू येतो." खोली कसली, फडताळ! चारी भिंतींना फोम, खाली गालिचा. ह्यांनी पहिला सूर लावला आणि तो तिथेच मेला. मी म्हटलं, "अहो भाऊ, हे रजईत तोंड खुपसून वाजवल्यासारखं वाटतंय. सोमवारी काय रजईत परीक्षा आहे? जिना कुठे आहे तुमचा?" तो हसला. मी नाही हसले. मग गेलो जिन्यात.

जिन्याच्या मधल्या वळणावर मी भिंतीकडे तोंड करून उभी. पाठीमागे हे. तोंडात धरायचा तुकडा ह्यांचा स्वतःचा, एका वाद्याचा काढायचा, दुसऱ्याला लावायचा, म्हणजे फरक पडेल तो वाद्याचाच. विक्रेता दर वेळी मोठ्याने नंबर सांगणार. "नंबर एक!" भोंऽऽ. "नंबर दोन!" भोंऽऽ. आणि मध्ये मध्ये कानाशी येऊन कुजबुज, "मॅडम, हा जरा डार्क आहे, जाणवलं?" म्हटलं, "डार्क? आवाजाला रंग कधीपासून आला?" "नाही मॅडम, म्हणजे ऊबदार." "मग ऊबदार म्हणा ना! इस्त्री मी रोज धरते, ऊब मला कळते."

बरं, जिना म्हणजे येणारं-जाणारं माणूस आलंच. एक म्हातारी वर चढत होती. मला बघून थबकली, माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "रडू नकोस गं पोरी. कोण गेलं?" म्हटलं, "आजी, कुणी गेलं नाही, नवरा वाद्य घेतोय." तिने ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "मग रड."

पाच झाले. सहा झाले. आठवर माझा डावा पाय बधिर. नऊ झाल्यावर हे विचारतात, "बोल." मी म्हटलं, "सहावा." विक्रेता खाकरला. हे म्हणाले, "आपण क्रम बदलून पुन्हा एकदा बघू." पुन्हा! पुन्हा नऊ! आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी! रंगाचे पोपडे मोजून झाले माझे, एकशे चौदा. दुसऱ्या फेरीत म्हटलं, "तिसरा." विक्रेता पुन्हा खाकरला. तिसऱ्या फेरीत नंबर ऐकलाच नाही. वाजला आणि मी म्हटलं, "हा! हाच! आणि आता मला कुणी थांबवलंत तर याद राखा," आणि वळलेच.

तिन्ही वेळा एकच निघाला होता! पण कसला? बाकीचे आठ आरशासारखे, आणि ह्याचा मुलामा उडालेला, खालच्या वळणापाशी पोचा काढल्याची खूण, कुणीतरी पंधरा वर्षं वाजवून विकलेला. विक्रेता म्हणतो, "मॅडम, वाद्य वरच्या दर्जाचंच आहे, पण हा मी फक्त तुलनेला आणला होता हो… सरांना तर तो सोनेरी आवडलाय." आणि ह्यांनी तो सोनेरी असा छातीशी धरलेला, जणू तान्हं बाळ! "अगं, नवी जागा, मोठी माणसं. हे असलं भंगार घेऊन जाऊ? काय म्हणतील?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काय म्हणायचं ते म्हणू देत! ह्या सोनेरीवर तुम्ही कसे वाजवताय सांगू? परक्याच्या घरी सोफ्याच्या कडेवर टेकलेल्या पाहुण्यासारखे! चहा घेऊ का, नको का, सांडेल का… आणि त्या पोचेवाल्यावर तुम्ही घरी आल्यासारखे वाजवता, पाय पसरून. मला सॅक्सोफोनमधलं काही कळत नाही. बावीस वर्षं ऐकलेला नवरा कळतो!"

आमचे हे आपल्या बोटांकडे बघत हळूच म्हणाले, "ह्याला ओरखडा पडेल म्हणून बोटं आखडतात माझी. खरंय." आणि सोनेरी परत दिला. देताना त्याच्यावरचे आपल्या बोटांचे ठसे बाहीने पुसले हो त्यांनी… मला कसंसंच झालं. म्हणून मी ओरडले, "चला आता, उशीर झालाय!"

सोमवारी परीक्षा झाली. गुरुवारी पत्र आलं. जागा मिळाली! पत्र हातात धरून हे खुर्चीत बसले ते उठेचनात.

आता तुम्हाला वाटेल, संपलं. छे! पहिला कार्यक्रम बघायला नको? ठेवणीतले कपडे घालून गेले मी. पुढून तिसरी रांग, खुर्ची अशी मऊ की काय सांगू. पडदा उघडला, साठ-सत्तर माणसं, आणि अगदी मागे आमचे हे, पोचेवाला मांडीवर घेऊन. सगळे वाजवताहेत, हे बसलेत. अर्धा तास झाला, बसलेत! शेजारणीला विचारलं, "सॅक्सोफोनवाले कधी वाजवतात?" ती म्हणाली, "ह्यात त्यांना जेमतेम दोन मिनिटांचं काम असतं." दोन मिनिटं! ह्यासाठी वीस-बावीस वेळा तेच गाणं ऐकलं मी? डोळे ताणून बसले. खांबासारखे पाय, मऊ खुर्ची, वर तो अंधार… आणि एकदम टाळ्या! दचकून उठले तर सगळे उभे. संपलं होतं!

बाहेर हे लहान पोरासारखे धावत आले. "काय गं, कसं वाजलं?"

खोटं कुठून आणू? म्हटलं, "अहो, झोप लागली मला."

वाटलं, आता तोंड पाडणार. तर हे खुशीत येऊन म्हणतात, "वा! म्हणजे उत्तम वाजलं! बेसूर झालं असतं तर तू झोपेतून उठून ओरडली असतीस!"

आता ह्या माणसाशी भांडायचं तरी कसं? पुढच्या कार्यक्रमाला उशी घेऊन जाते, दुसरं काय.