मास्तरांचा अंगठा

...आणि वर मलाच विचारतात, "मास्तर, अंगठ्याला काय झालं?" काय झालं म्हणजे! अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय, तुम्हाला सांगतो, अख्ख्या गावाला हाफ क्लच शिकवला, शिकाऊ माणसांनी माझ्यासकट गाडी भिंतीवर घातली, दुकानात घातली, एका बाईंनी तर थेट लायसन्सच्या ऑफिसच्या फाटकात घातली, पण मला कधी साधं खरचटलं नाही! आणि हा अंगठा सुजला कुठे? घरच्या सोफ्यावर, पाठीला उशी लावून! आणि याला म्हणे विरंगुळा!

झालं काय, लेकीने परगावाहून गेमचा डबा पाठवला. कन्सोल म्हणायचं त्याला. सोबत चिठ्ठी. "बाबा, दर रविवारी चार वाजता आपण दोघं खेळायचं. मी इथून, तुम्ही तिथून. एकच अट. एकदा जरी ओरडलात तरी गेम बंद, कायमचा."

आता ही अट का, तेही ऐका, लपवण्यात काय अर्थ आहे... पाच वर्षांपूर्वी मी तिला गाडी शिकवायला घेतली. तिसऱ्या दिवशी भर चौकात तिने गाडी बंद पाडली, आणि मी असा काही ओरडलो की चौकातल्या पोलिसाने दचकून शिट्टी वाजवली! पोरगी उतरली, दार लावलं (नीट लावलं हं, आपटलं नाही, तेच जास्त लागलं मला) आणि चालत घरी गेली. त्यानंतर माझ्या गाडीत बसली ती मागे, आईशेजारी. पुढे नोकरीला लांब गेली. फोनवर आमचं बोलणं काय, तर "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "हो." "बरं, आईला द्या." संपलं! पाच वर्षं हेच! म्हणजे हा रविवारचा एक तास म्हणजे माझ्यासाठी... जाऊ दे. तो तास मला घालवायचा नव्हता, एवढंच. म्हणून म्हटलं, आधी एकट्याने सराव करावा.

पहिल्या दिवशी मोटारींच्या शर्यतीचा गेम लावला. अहो, काय गाडी चालवली मी! काय ती वळणं, काय तो वेग, एकाला डावीकडून मागे टाकलं, दुसऱ्याला उजवीकडून, पंधरा मिनिटं कुठे ओरखडा नाही! मी बायकोला हाक मारली, "अगं, बघ बघ, हात बसलेला असला की यंत्र कुठलंही असो!" ती आली, चष्मा लावला, टीव्हीजवळ गेली, वाकली, आणि म्हणाली, "अहो, इथे खाली लिहिलंय... सुरू करण्यासाठी बटण दाबा." म्हणजे ती गाडी आपली आपण पळत होती, नुसती दाखवायला! आणि माझ्या हातातला रिमोट? तो मी चालूच केला नव्हता! पंधरा मिनिटं घाम गाळून मी काहीही चालवत नव्हतो! आणि याला म्हणे विरंगुळा!

मग दुसरा गेम. त्यात आपण चोर. बँक लुटायची आणि पळायचं. मी म्हटलं ठीक आहे, लुटली. गाडीत बसलो, आरसा बघितला, निघालो... आणि पुढे लाल सिग्नल! आता तुम्हीच सांगा, काय करणार? थांबलो! मागे पोलिसांच्या सहा गाड्या, वर हेलिकॉप्टर, शेजारचा साथीदार बोंबलतोय "चल, चल, चल!" आणि मी त्याला सांगतोय, "अरे बाबा, हिरवा होऊ दे, घाई कसली?" हिरवा झाला तर एक म्हातारी रस्ता ओलांडायला लागली. तिलाही जाऊ दिलं. तेवढ्यात आम्हाला पकडलं. पडद्यावर अक्षरं आली, "मोहीम फसली". फसू दे! नियम तो नियम!

तिसऱ्यात शंभर हातांचा राक्षस. एक्केचाळीस वेळा मेलो त्याच्या हातून. आणि प्रत्येक वेळी पडद्यावर मोठ्ठ्या लाल अक्षरांत, "तुम्ही मेलात." अरे, कळलं मला, मीच होतो ना तिथे! बायको भाजी निवडत बसली होती, ती म्हणते, "अहो, पण त्याच्याशी तुमचं भांडण काय आहे?" म्हटलं, काही नाही. "मग त्याला राहू द्या की त्याच्या घरी!"

आणि ती तरी कुठे साधी? "मला नाही बाई जमायचं" म्हणत म्हणत तिने बागकामाचा गेम लावला, झालं! खिडकीतलं खरं झाड वाळून काडी झालं, पण टीव्हीतले भोपळे असे फुगलेत! मी माझ्याच टीव्हीपुढे ताटकळत उभा, आणि ही म्हणते, "दहा मिनिटं थांबा, कोबीला पाणी घालून होऊ दे." आणि याला म्हणे विरंगुळा!

पण रविवार! रविवारचा गेम वेगळा. डोंगरातली शर्यत, गाडीत दोघं. एकाने चालवायचं, दुसऱ्याने नकाशा बघून वळणं सांगायची. चालवणार कोण? लेक. सांगणार कोण? मी. आणि माझ्या बाजूला... ब्रेक नाही! शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो हो, अठ्ठावीस वर्षं त्याच्याच जिवावर जगलोय मी! इथे पाय नुसता गालिचा तुडवतोय. चार रविवारांत गालिच्याला भोक पडलं. बायकोने पायाखाली उशी दिली, म्हणाली, "हिला दाबा, पण तोंड बंद ठेवा."

तर गेल्या रविवारी शेवटचा घाट. पुढे लाकडी पूल, अरुंद, खाली नदी, आणि पोरगी वेग कमी करेना! मी म्हणतोय, "डावीकडे... हळू... अजून हळू..." घशात ओरडा येऊन बसलाय, पाय उशीत रुतलाय, बायको समोरून ओठांवर बोट ठेवून उभी... आणि पोरीने काय वळण घेतलं तुम्हाला सांगतो! अलगद, जसं मी तिला पाच वर्षांपूर्वी गाडीत सांगत होतो, तसंच! आणि माझ्या तोंडून ओरड्याऐवजी निघून गेलं, "छान!"

गाडी थेट नदीत.

अहो, माझ्या ओरडण्याने कधी कोणाची गाडी बुडली नाही, ती एका 'छान'ने बुडाली! तिकडून आवाज बंद. मला वाटलं, संपलं, गेला आपला रविवार. मग हळूच आवाज आला, "बाबा... तुम्ही आत्ता मला छान म्हणालात?" म्हटलं, निसटलं गं. आणि ती हसायला लागली, इतकी हसली की मला रडू आलं. लाजही वाटली. अहो, फी भरणाऱ्या परक्या माणसांना उठताबसता 'छान' म्हणतो मी, आणि घरच्या पोरीसाठी पाच वर्षं एक शब्द निघू नये?

मग म्हणते, "पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतेय. गाडी शिकवाल? आपल्या घरच्या गाडीवर, शिकवायच्या नाही." मी म्हटलं, अगं, पण तिच्यात माझ्या बाजूला ब्रेक नाही! म्हणाली, "माहितीये. तुम्ही हा गेमचा रिमोट हातात धरून बसायचं. बंद केलेला. काय दाबायचं ते त्यावर दाबा."

घ्या! तर आता सरावाला रोज सकाळी स्वयंपाकघरात दोन खुर्च्या. बायको ताटलीचं स्टिअरिंग करून बसते, शेजारी मी, बंद रिमोट घेऊन. ती मुद्दाम मला कपाटावर घालते, फ्रिजवर घालते, आणि वर बघते मी कसा बसलोय ते, आणि मी गप्प बसून दाबतोय, दाबतोय, दाबतोय, आणि तोंडाने म्हणायचं, "छान!" त्यात सुजला हो अंगठा, राक्षसाने काही केलं नाही बिचाऱ्याने... आणि याला म्हणे विरंगुळा!