पिंपातलं लिंबू

न्हाय न्हाय, ट्रंक ऱ्हाऊ दे, ट्रंकेला काय हुतंय — आदी टमाटं. टमाट्याच्या रोपांचं धा डबं केबिनच्या पाठीशी लाव, तितं वारं लागत न्हाय. मग वांगी. मिरची कडंला टाकलीस तरी चालंल, तिला काय हुत न्हाय. असा बघतोस काय संगप्पा? घरचं सामान हाय म्हनलो हुतो — व्हय, म्हनलो हुतो, मग ह्ये घरचंच हाय की. बेचाळीस डबं, चार पेट्या, एक ट्रंक, एक पोतं, आन् आमची कारभारीन, सोजर. ती म्होरं बसंल, तुज्या शेजारी. कांदा उतरवून तुजी गाडी सांगोल्यापातूर रिकामीच जानार हुती, रिकामी नेन्यापरीस वांगी नेलेली बरी. चार दिसांवर पाडवा आलाय, औंदाची गुडी गावात उभारायची म्हनलो म्हंजी उभारायची. हात भरलं व्हय? नळाखाली पिंप हाय बघ, त्यात तांब्या घाल, धू. पिऊ नको तेवडं, डांबराचं पिंप हाय त्ये, पायबीय धुवायला चालतंय. आन् फाटक सताड उगडं टाकलंस — असू दे, आज शेळ्या शिरून काय खात्याल, सगळं गाडीत चाललंय.

पेट्या दोगांनी उचला. मेथी हाय दोनीत, कोथमीर हाय एकीत, उरलेल्या एकीत कांद्याची पात. गिरणीत सुताच्या बाबिनी यायच्या ह्या पेट्यांतनं. खाली इटा, इटांवर पेटी, पेटीत माती — झाला वाफा. सरळ भुईत का न्हाय लावलं? तूबी त्येच इचार. घरमालक गुरप्पाअण्णाबी इचारायचा, महिपती, येवडं परडं मोकळं पडलंय, लाव की भुईत, मी काय भाडं वाडवनार हाय व्हय? मी म्हनायचो, अण्णा, परक्याच्या भुईत मूळ धरायचं न्हाय. बावन्न साली आलो हितं. गावाकडं हिरी आटल्या हुत्या, म्हनलं दोन वरसं गिरणीत काडू, पाऊस झाला की माघारी. पाऊस झाला की. लई झाला. मी दर पाडव्याला म्हनायचो, फुडची गुडी गावात. चोवीस पाडवं झालं. पर जायचं त्ये जायचंच हुतं ना? मग उचलता आलं पायजे. आता बघ कसं उचलतोय, ठेवलेलं ठेवल्यासारकं.

त्ये पोतं? त्यात भांडी हायती, पितळंची. सोजरच्या बापानं लग्नात दिलेली. न्हाय, सोडलं न्हाय कवाच. जायचंच हाय तर सोडायचं कशाला आन् पुन्ना बांदायचं कशाला? दोन पातेली, तवा, परात — भागलं की तेवड्यात. दिवाळीला ती पोतं उनात ठेवती, वरनं फडकं मारती, पुन्ना कोपऱ्यात. मी मारलेली गाठ अजून हाय तशी हाय. माजी गाठ सुटत न्हाय.

लिंबू शेवटाला. त्येला तिगंबी लागू, तू, तुजा क्लीनर आन् मी. ह्येला म्हनत्यात पिंपातलं लिंबू. अकरा वरसाचं झालं, भिताडाच्या वर गेलंय, घरांची आख्खी लाईन ह्येच्यावर लोनचं घालती. येवडं झाड पिंपात कुटं बघितलंस तू? विव्हिंग मास्तर सोता आलं हुतं बघायला. चौऱ्याहत्तर साली गिरणीच्या क्लबानं सर्टिफिकेट दिलं — कुंडीतील फळझाड, पयला नंबर. काच लावून ट्रंकेत ठेवलंय. लोक इचारायचं, महिपती, घालतोस तरी काय? सांगायचो — शनवारी ताक, आयतवारी चहाचा चोथा, आमुशाला सुकटाचं पानी. निम्म्या साचाखात्यानं, म्हंजी मागावरच्या गड्यांनी, घरी पिंपं आनली. कुनाचं आलं न्हाय. मी म्हनलो, हात लागतो, हात. बहात्तरच्या दुष्काळात समद्या डब्यांनी मान टाकली, आन् ह्ये आपलं हिरवंगार. कसं? शिस्त. पिंपात ऱ्हायाची सवय लागलेली, थोडक्यात भागवायची. पासष्ट साली म्होरल्या रस्त्यावर डांबर टाकलं, तवाचं पिंप ह्ये. लोहाराकडनं मदोमद कापून आनलं, दोन तुकडं झालं — एकाला बूड, दुसरं नुसतं कडं. सोजरला म्हनलो, बुडाच्यात लिंबू लाव, कडं भंगारवाल्याला दे, आन् गेलो कामावर. सुटून आलो तर एकात लिंबू लावलेलं, दुसरं नळाखाली पान्यानं भरलेलं. म्हनलं, झ्याक! दोनीबी कामी लावली, भंगारवाल्याला काय दिलं न्हाय. बाई लई काटकसरी.

आँ? सोजरला यायचंय का? ह्यो काय सवाल झाला? तिचं काय नसतंय. चोवीस वरसांत ती काय म्हनली न्हाय. बघ की, उंबऱ्यावर बसलीया, चा झाला, कपबी इसळला. पोरगी, मुक्ता, हितंच दिलीया, साखर पेठेत — येईल की गावाकडं बाळतपनाला. पानी? हाय की गावात पानी. म्हंजी टँकर येतो. घरबी बांदलंय, दोन खोल्या, माज्या भावाच्या पोरांच्या घराला लागून. दिवाळीला गेलो हुतो बघायला, तर एक बारकं पोरगं म्हनलं, कोन पायजे? बारकं हाय, त्येला काय ठावं. त्येचा बापबी, माजा पुतन्या, बाहीर आला आन् म्हनला, कोन पायजे. उनाचं दिसलं नसंल त्येला. असू दे. काल सोजरला म्हनलो, लिंबूबी न्यायचंय. ती म्हनली, निगालं तर न्या. बास, तेवडंच. मी म्हनलो, न निगायला काय झालंय?

हं, धर. तू तिकडनं, पोरा तू ह्या अंगानं. एक, दोन — हिसडा देऊ नको रं, झाड हाय त्ये! पुन्ना. एक, दोन... हलंना. सकाळी पानी घातलंय, म्हनून जड. पुन्ना. बरं, पहार घाल खालनं. जपून, बूड चेपंल. काय? बूड न्हाय? गंजलं आसंल की, अकरा वरसं म्हंजी — गंजलं न्हाय? मग काय झालं त्येला? सरक. सरक, बघू दे मला.

ह्यो लोहाराचा काप हाय. सरळ काप हाय. ह्ये कडं हाय.

मग बुडाचं कुटं — तांब्या कुटं ठेवलास रं हात धुवून? त्यातच? त्यात पानी हाय. अकरा वरसं पानी हाय त्यात. रोज कामावरनं आलो की पाय धुतलं मी त्यातनं, रोज. पानी ठरतंय म्हंजी बूड हायच, ह्येला काय शाळा लागती व्हय? आन् मी ताक घालत हुतो. सुकटाचं पानी घालत हुतो, आमुशा बघून. मास्तरांना शिस्त सांगितली मी.

इसरली आसंल म्हनतोस? सोजर इसरत न्हाय काय. मी सांगितलं, तिनं ऐकलं, आन् मी कामावर गेल्यावर त्ये कडं भुईवर ठेवून त्यात लिंबू लावलं. आन् गप बसली. अकरा वरसं. बघ आताबी, माज्याकडंच बघतीया. वाईट वाटलं रं संगप्पा. खोटं कशाला बोलू, लई वाईट वाटलं. तिनं फसवलं म्हनून न्हाय. मी म्हनत हुतो, आपल्याला जायचंय — आपल्याला. तिला इचारलंच न्हाय कदी. पोतं उनात ठेवताना तरी इचारायचं हुतं.

काय काडतोस त्ये? कुऱ्हाड? भुईत गेलेलं मूळ किती जाड हाय? मनगटायेवडं. चार घावांत निगंल म्हनतोस. निगंल की, न निगायला काय — ठेव ती. खाली ठेव म्हनतो की!

असं कर. टमाटं ऱ्हाऊ दे घटकाभर, आदी त्ये पोतं उतरव, भांड्याचं. हं, हितं आन. तिच्या म्होरं ठेव. गाठ... थांब, मीच मारलीया. सुटंना. सोजर, खुरपं दे गं हिकडं, कापतो. — बघ की, घागर चेपलीबी न्हाय कुटं.

आता उतरव बाकीचं. टमाटं, वांगी, समदं. कुटं ठेवायचं? कुटंबी ठेव, डब्यांत कुटं ऱ्हायचंय आता त्येंनी. आन् पहार ठेवून जा माज्याकडं, उद्या आनून देतो, भुईत आळी खनायची हायती. झालं? मग हुबा का? जा की. आन् जाताना फाटक लावून घे, शेळ्या येत्यात.