कलशाच्या पोटातलं नाव

देवकी : हळदीसारखा रंग सांगितला होता, सिंधूताई. तुम्ही तं भिंत सारवून ठेवली.

सिंधूताई : ओली आहे अजून. बोट नका लावू.

देवकी : बोट लावून काय सापडते? आपल्या जयवंताच्या लग्नाच्या पत्रिकेवर कलशाच्या पोटात तिच्या भावाचं नाव दिसन, असं ठरलं होतं ना? फिकं, पण दिसन.

सिंधूताई : नाव आहे. माझ्या हातानं अक्षरांचे खिळे जुळवलेत. मुकुंद. आधी राखाडी शाईत नाव छापलं, वाळवलं, मग त्यावर पिवळा कलश.

देवकी : मंग गेलं कुठं?

सिंधूताई : पिवळ्याखाली. पिवळ्यात पांढरा मिसळला की खालचं झाकते. बिनरंगी मलम मिसळलं की आरपार दिसते. मी पांढरा मिसळला.

देवकी : काहून?

सिंधूताई : ते तुमच्या यांना विचारा. आल्यापासून स्टुलावर बसून माझं कॅलेंडर वाचून राहिले. गेल्या वर्षीचं आहे ते.

बाबाराव : मी काय केलं?

सिंधूताई : काल भाऊजी एकटेच आले होते. म्हणाले, पिवळा जाड ठेवा, घरी सांगू नका. मी एक दिवस पोटात ठेवलं. माझ्या प्रेसमध्ये कोणतीच गोष्ट इतकी टिकत नाही.

देवकी : घरी तं हो म्हणले होते तुम्ही.

बाबाराव : म्हणलो. पण पत्रिका रामटेकले जाईन, कळमेश्वरले जाईन. सारे विचारतीन, मुकुंद कुठं हाये?

देवकी : सहा वर्षं सांगून राहिलो तेच सांगू. भिलाईले कारखान्यात हाये.

बाबाराव : मंग बहिणीच्या लग्नाले काहून नाही आला?

देवकी : विचारू द्या. पत्रिका या हातातून त्या हातात जाते. एखादी त्याच्या हाती लागन. नाव नाही पाहून काय समजन तो?

सिंधूताई : मला मशीन धुवायचं आहे. पांढरा की मलम, तेवढं सांगा.

बाबाराव : मलम घातलं तं किती दिसते?

सिंधूताई : ही घ्या. सकाळीच एक काढून ठेवली होती.

देवकी : तुम्हाले ठाऊक होतं वाटते.

सिंधूताई : मला काय ठाऊक. शाई उरली होती.

(बाबाराव पत्रिका खिडकीपाशी नेतात.)

बाबाराव : लय फिकं हाये.

देवकी : फिकं तुम्हीच म्हणले.

बाबाराव : चष्मा लावूनबी नुसता मु दिसते. याहून काळं होते का, ताई?

सिंधूताई : होते. पण मग सगळ्यांनाच दिसेल.

बाबाराव : दिसू द्या.

देवकी : अन् कोणी विचारलं तं?

बाबाराव : भिलाई नाही सांगनार आता.

देवकी : जाऊ द्या ना. तो कामाले गेला.

बाबाराव : गेला त्या वर्षी तो दुसऱ्यांदा नापास झाला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा जाळाले दारावरून नेऊन राहिले होते. सारी गल्ली ओरडत होती, रोगराई घेऊन जा गे मारबत. मीबी ओरडलो. माह्या पोराले बी घेऊन जा म्हणलो.

देवकी : ढोलताशे होते. त्याले ऐकू नसन आलं.

बाबाराव : माह्या मागंच उभा होता तो, देवकी.