लाल रंग अजून जिन्यातच

...नाही, पण मला सांगा, टेस्टरचे सगळे दिवे हिरवे असताना चित्र थरथरावं का? का थरथरावं? इस्पितळातले टीव्ही, माईक, घंटा, सगळं मीच सांभाळतो, पण असलं कोडं नव्हतं पडलं! वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत बाळ, खालच्या वॉर्डात त्याची आई, पोटाला टाके, उठायची बंदी. जन्मल्याजन्मल्या बाळ वर नेलं, हिनं तोंडही पाहिलं नाही! म्हणून वर कॅमेरा, खाली टीव्ही, मधे एक नेटवर्क केबल. तिच्यात तारांच्या चार जोड्या, वेणीसारखा पीळ घातलेल्या. लाल, हिरवा, निळा तीन जोड्यांतून खाली येणार, चौथीतून कॅमेऱ्याला हुकूम वर जाणार. मी बटण दाबलं, 'डावीकडे वळ'... कॅमेरा ढिम्म, आणि टीव्हीवर बाळ असं थरथरलं की आई ओरडली, "अहो, थंडी वाजतेय त्याला!"

केबल जोडली कुणी? आमच्या मेव्हण्यानं. फोन केला. "भावजी, माझं काम म्हणजे काम! टेस्टर लावा की!" लावला. तारेगणिक एक दिवा, तार पोचली की हिरवा. आठही दिवे हिरवे!

मग प्लग भिंगाखाली धरला, तर काय देखणं काम! जोडीशेजारी जोडी, शाळेच्या रांगेसारखी. अहो, पण त्या प्लगात तशी रीतच नाही! मधे एक जोडी, आणि दुसरीनं तिच्या अल्याड-पल्याड बसायचं. यानं नीटनेटकं बसवलं, म्हणून यंत्र जोडी समजून ज्यांना हाक मारतं ते नवराबायकोच नव्हेत! नवरा इथला, बायको तिथली, मग हुकूम चित्रात सांडणार नाही तर काय? आणि टेस्टर बिचारा एवढंच बघतो, माणूस पोचला का? कुणाबरोबर आला, हे विचारतच नाही. म्हणून आठही दिवे हिरवे!

दोन्ही टोकं बदलली. थरथर गेली, कॅमेरा वळला. आई टीव्हीकडे बघून म्हणते, "मला एकच झालंय ना?" बाळाला चिकटून आणखी एक लाल बाळ! सिस्टर माझ्याकडे अशा बघतात, जसं दुसरं मीच आणलंय. टेस्टर? आठही दिवे हिरवे!

आणि मग, तुम्हाला सांगतो, मी केबलची साल सोलली. प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा! मुद्दाम, एकीचं बोलणं दुसरीला ऐकू जाऊ नये म्हणून. लालच्या जोडीला पीळ जास्त, म्हणून तार लांब, म्हणून वाट लांब! हिरवा-निळा पोचले, लाल अजून जिन्यातच! पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कोटीव्या भागाएवढा उशीर... आणि तो डोळ्यांना दिसतो हो! इतकी वर्षं केबली ओढल्या, आत अशी शर्यत चालते हे कुणाला ठाऊक!

खाली केबल आणि टीव्हीच्या मधे एक डबा असतो, त्यावर एकेक रंग थोपवून धरायचे खटके असतात. हिरव्याला म्हटलं थांब, निळ्याला म्हटलं थांब, तो येतोय दमत... आणि लाल बाळ हळूच सरकत खऱ्या बाळात शिरलं.

आई मान उंचावून बघतेय, बघतेय... "पाठ गोड आहे हो. तोंड कुठाय?"

बाळ भिंतीकडे तोंड करून झोपलेलं! कॅमेरा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, वळेल तेवढा वळवला. सिस्टर म्हणाल्या, "आत्ताच डोळा लागलाय, कुणी हात लावायचा नाही."

मेव्हण्याचा फोन, "काय भावजी, दिसलं का?"

दिसलं बाबा, पाठमोरं दिसलं. चारही जोड्या कामाला लागल्यात, बाळाला 'इकडे बघ' म्हणायला पाचवी कुठून आणू? बसलोय आता आईशेजारी, ते कूस बदलेल याची वाट बघत... आठही दिवे हिरवे!