वर्षाचा मसाला

इंदिरानगरात मसाला कांडपाच्या दुकानापुढे संपदा मिरच्यांची पिशवी धरून रांगेत उभी होती. पुढे दोन बायका बोलत होत्या.

"लताबाई, एवढी लवंगी मिरची? मागच्या साली तर सगळी बेडगीच होती तुमची."

"तो मसाला तेजलच्या सासरी द्यायचा होता. त्यांना तिखट सोसत नाही."

"आवडला ना त्यांना?"

"सासूने डबा परत पाठवला."

"मग यंदा काय पाठवताय?"

"काही नाही. यंदा तेजलच परत आलीय."

"अगं बाई. तिला चालते का लवंगी?"

"लहानपणापासून. तिकडे मिळमिळीत खाऊन तोंडाची चव गेली पोरीच्या."

"राहील ना मग चार दिवस?"

"वर्षाचा मसाला करतेय, ताई."

संपदाला ठसका लागला. दोघींनी मागे वळून पाहिलं आणि तिला पाण्याची बाटली दिली.