फक्त माझ्यासाठी

दंतवैद्याच्या दवाखान्यात बाकावर शेजारी-शेजारी दोघे बसले होते: गाल धरलेला मेहुणा आणि सोबतीला आलेले त्याचे दाजी. दोघेही एकाच ऑफिसातले.

"दाजी, मंत्र्यांवरचा तो खुर्चीचा विनोद घरच्या ग्रुपवर टाकायचा होता. ऑफिसच्या ग्रुपवर गेला."

"अरे देवा! मग लगेच डिलीट करायचास."

"केला ना! पण घाबरून 'फक्त माझ्यासाठी' दाबलं. आता माझ्या फोनवर दिसत नाही, बाकी सगळ्यांकडे आहे."

"साहेब काय म्हणाले?"

"सकाळपासून ऑनलाइन आहेत, पण चकार शब्द नाही. एरवी 'सुप्रभात'लासुद्धा उत्तर देतात."

"ओरडले असते तर बरं झालं असतं रे."

"त्यात बदल्या निघताहेत."

"धीर धर. विनोदापायी कुणाची बदली होते का? थांब, माझ्या फोनवर बघतो... बाप रे."

"काय झालं?"

"खाली कुणीतरी हसरा चेहरा टाकलाय. एकट्यानेच."

"कोण हा गाढव?"

"मी. मला वाटलं, घरचाच ग्रुप आहे."

"दाजी, फोन वाजतोय. साहेबांचा."

"तुला?"

"नाही. तुम्हाला."

दार उघडून नर्सने विचारलं, "दाढ कुणाची दुखतेय?"

"माझी," म्हणत दाजी ताडकन उठले.