पेटीवाल्याचं सोंग

आमी बहुरूपी. मूळचं जुन्नराकडचं, पण दिवाळी झाली की घाट उतरून खाली यायचो, आन् कल्याण आमचं. आमचं म्हंजे जातीच्या पंचांनी वाटून दिलेलं, ठाणं दुसऱ्या घराचं, कल्याण आमच्या घराचं, त्यात दुसऱ्या बहुरूप्यानं पाय टाकायचा न्हाई. पण तुमी हे लिहून घेताय ते कुणाला दाखवणार, ते सांगा आधी. नाव घालू नका माझं. बरं, लिवा.

रीत अशी, की आठ दिवस रोज नवं सोंग काढायचं, कधी फौजदार, कधी वैद्य, पण हात पसरायचा न्हाई. आठव्या दिवशी साध्या कपड्यात दारोदार जायचं, मग लोक हसत हसत धान्य, जुनं लुगडं, काय देतील ते घ्यायचं. आन् माझ्या बापासारखं, आबासारखं सोंग तर कुणाचंच न्हाई. उजव्या अंगाला सासू, पांढऱ्या केसांची, डाव्या अंगाला सून, नथ घातलेली. भर बाजारात आबा एकटाच भांडायचा, इकडं वळला की सासू कडाडायची, तिकडं वळला की सून मुसमुसायची, बाया तर सुनेची बाजू घेऊन भांडायला उठायच्या हो!

त्या साली एक टोपीवाला आला. अंगात सायबाचा कोट, तोही ढगळ, बोलणं मराठी, संगं तीन पायांवरची पेटी. आबाला म्हणाला, तुमचं सोंग या पेटीत हलतं-चालतं धरतो, मुंबईला तंबूत पडद्यावर दाखवीन. मी म्हटलं वा रे वा, चित्र कधी हलतं का? चार दिवस झाले, हा रोज पेटी मांडतोय, ऊन बघतोय, आन् कुणाकडं काही मागत न्हाई. मागत न्हाई! तिथंच मी ओळखलं. हा बहुरूपीच, दुसऱ्या घराचा. आठव्या दिवशी आमच्या दारांवर फिरणार, आन् पुढल्या साली पंचांपुढं म्हणणार, कल्याण माझं.

आबा म्हणाला, अरं असंल तर असंल, सोंग बघ किती झ्याक हाय त्याचं. माझं डोस्कंच फिरलं. पाचव्या दिवशी आबा बाजारात उभा, टोपीवाल्यानं पेटीचा दांडा फिरवायला घेतला, तसा मी मधी घुसलो, पेटीकडं पाठ करून उभा राहिलो, म्हटलं आबा, बस करा, गाव घालवताय. मग वळलो आन् त्या टोपीवाल्याची मिशी धरून ओढली. काय सांगू तुम्हाला, हातात आली न्हाई हो. त्याच्या डोळ्यांत पाणी. त्यानं पेटी आवरली आन् ठेसनाकडं गेला. मला तरी वाटलं, लई मुरलेला हाय, मिशी खरी वाढवून आलाय.

त्याच उन्हाळ्यात आबा गेला. तापानं, तीन दिवसांत.

पुढं मुंबईला गेलेलो, तर मैदानात तंबू दिसला, आत शिरलो. अंधार केला, पडद्यावर कुस्ती झाली, लाटा आल्या, आन् एकदम आपलं कल्याण. आबा! जित्ता, नथ हालत व्हती त्याची. सून व्हता, आता वळून सासू होणार, तेवढ्यात एक पाठ आली आन् सगळा पडदा भरला. लोक शिट्ट्या मारायला लागले, ए, बाजूला हो! मी बी उठून ओरडलो, अरं हो की बाजूला, मेल्या!

तो टोपीवाला परत दिसला न्हाई, देव त्याचं भलं करो. कल्याण अजून आमचंच हाय, कुणी मागायला आलं न्हाई. मीच काढतो आता सासू-सून, लोक हसतात बी. पण आबा वळायचा कसा, ते काय केल्या मला आठवत न्हाई.